जुन्या बंगल्याची घरपट्टी कमी होते, पण कशाच्या बदल्यात?

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये १९१३ सालचा क्राफ्ट्समन शैलीचा बंगला या वर्षी १२ लाख डॉलरला घेतला. घर शहराने जाहीर केलेल्या लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, आहे. शेजारी म्हणतात, ‘मिल्स ॲक्टखाली अर्ज करा, प्रॉपर्टी टॅक्स निम्म्याने उतरेल.’ हे खरं का? खिडक्या बदलण्याचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, त्याचा खर्च यात धरता येईल का? आणि पुण्यातल्या आमच्या वाड्याला असं काही मिळू शकतं का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं दोन दिवस थांबू शकतं. खिडक्यांचं काम थांबवा. आजच फोन करा. का ते पुढे येईलच.

मी संवर्धनाचं काम करणारा वास्तुविशारद. शिकलो पुण्यात, पण गेली बावीस वर्षं लॉस एंजेलिसच्या आसपासची जुनी घरं हेच माझं पोट आहे. मिल्स ॲक्टबद्दल विचारायला येणारे बहुतेक जण एकच समजूत घेऊन येतात: घर जुनं आहे म्हणून सरकार बक्षीस देतं. तसं नाही. हा तुम्ही आणि शहर यांच्यातला करार आहे. तुम्ही घर कसं राखणार ते लिहून देता आणि त्या बदल्यात घरपट्टी वेगळ्या पद्धतीने आकारली जाते. वाचलेला पैसा त्याच घरात घालायचा आहे, हे कागदावर असतं. कोणी तो पैसा सहलीला वापरायचा बेत सांगितला, तर मी त्यांचं काम घेत नाही.

कायदा १९७२ चा. सॅन डिएगोचे राज्य सिनेटर जेम्स मिल्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. राजकारणात येण्याआधी ते इतिहासाचे अभ्यासक आणि संग्रहालयाचे क्युरेटर होते. कायदा राज्याचा असला तरी तो राबवायचा की नाही हे प्रत्येक शहर आणि काउंटी आपापलं ठरवते. पॅसाडेना राबवतं. शेजारच्या एखाद्या गावात याहून सुंदर बंगला असेल आणि त्याला काहीच मिळत नसेल.

सवलत कुठून येते हे कळायला आधी तुमचं साधं बिल समजून घ्या. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीनुसार कॅलिफोर्नियात घराची करपात्र किंमत म्हणजे तुम्ही ज्या किमतीला घेतलं ती. ती वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. दर १ टक्का, वर मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचा थोडा भार. सोयीसाठी सगळं मिळून १.१ टक्के धरू. १२ लाखांवर १३,२०० डॉलर झाले.

मिल्स ॲक्टचा करार झाला की काउंटीचा असेसर, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणारा अधिकारी, वेगळा प्रश्न विचारतो: हे घर भाड्याने दिलं असतं तर किती उत्पन्न आलं असतं? तुम्ही स्वतः राहत असलात तरी हाच प्रश्न. समजा त्या भागात महिना ५,५०० भाडं मिळतं. वर्षाचे ६६,०००. घर मध्येमध्ये रिकामं राहील म्हणून ५ टक्के वजा, उरले ६२,७००. विमा, दुरुस्ती, पाणी, बाग असा खर्च १२,७०० धरला, तर निव्वळ ५०,०००. आता या उत्पन्नाला एका दराने भागायचं. त्या दराचे चार तुकडे असतात. पहिला व्याजाचा. तो गृहकर्जाच्या चालू दरावरून राज्याचं कर मंडळ दरवर्षी जाहीर करतं. उदाहरणासाठी ६.५ घेऊ. दुसरा जोखमीचा. मालक स्वतः राहत असलेल्या एककुटुंबी घराला ४, बाकी सगळ्यांना २. तिसरा कराचा, १.१. चौथा इमारतीच्या झिजेचा. घराचं उरलेलं आयुष्य ५० वर्षं आणि किमतीत इमारतीचा वाटा निम्मा धरला, तर १. बेरीज १२.६ टक्के. पन्नास हजारांना त्याने भागलं की घराची किंमत येते ३ लाख ९७ हजारांच्या आसपास, आणि कर सुमारे ४,३६५ डॉलर. म्हणजे वर्षाला जवळपास ८,८०० वाचले.

आकडे मी धरलेले आहेत, तुमचं भाडं आणि खर्च वेगळा निघेल. पण या गणितातल्या काही गमती ध्यानात ठेवा. व्याजदर चढले की बाकी सगळे रडतात, मिल्स ॲक्टवाल्यांची घरपट्टी मात्र उतरते, कारण भाजक मोठा होतो. व्याजाचा तुकडा ६.५ ऐवजी ४.५ असता, तर याच घराचा कर ५,२०० च्या घरात गेला असता. उद्या तुम्ही बंगला भाड्याने देऊन दुसरीकडे राहायला गेलात तर जोखमीचा तुकडा ४ वरून २ वर येतो आणि परिणाम तोच. घराचा विमा महागला तर ते उत्पन्नातून वजा होतं. म्हणजे २०२५ च्या जानेवारीतल्या ईटन आगीनंतर या बाजूला विम्याची जी रड चालू आहे, तिचा निदान एवढा तरी उपयोग. आणि बिलाच्या तळाशी कचरा, पूरनियंत्रण वगैरेंच्या ठोक रकमा असतात. त्या किमतीवर ठरत नाहीत, म्हणून त्या जशाच्या तशा राहतात.

तेव्हा ‘निम्म्याने उतरेल’ हे तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं आहे. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत कदाचित नसेल. असेसर दरवर्षी तीन किमती मांडतो: प्रपोझिशन १३ ची, चालू बाजारभावाची आणि ही करारातली. तिन्हींतली जी सर्वांत कमी ती लागू होते. शेजारच्या आजोबांनी १९८१ मध्ये १ लाख १० हजाराला घेतलेलं घर २ टक्क्यांनी वाढत वाढत आज जेमतेम २ लाख ६५ हजारांवर असेल. त्यांना या करारातून एक डॉलरही सुटत नाही, उलट अर्जाची फी जाते. मला या कायद्यातली ही गोष्ट कायम खुपत आली आहे. चाळीस वर्षं पेन्शनीतून छप्पर सांभाळणाऱ्याला काही नाही आणि काल १२ लाख मोजून आलेल्याला भरघोस. कायद्याचा हेतू घर वाचवणं हा आहे, आणि नवा मालकच घर पाडण्याच्या किंवा विद्रूप करण्याच्या जास्त तयारीत असतो, असं त्याचं समर्थन करता येतं. पटतं, पण अर्धवटच.

करार किमान दहा वर्षांचा. दरवर्षी कराराच्या वाढदिवसाला त्यात आपोआप एक वर्ष जोडलं जातं, म्हणून तो कायमच दहा वर्षांचा राहतो. तो माणसाशी नाही, जागेशी बांधलेला असतो. घर विकलंत तर कमी घरपट्टीही नव्या मालकाकडे जाते आणि जबाबदाऱ्याही. इथे विकताना ‘मिल्स ॲक्टचं घर’ असं जाहिरातीत ठळकपणे लिहितात ते यासाठी. बाहेर पडायचं असेल तर वाढदिवसाच्या ९० दिवस आधी नूतनीकरण नको अशी नोटीस द्यायची. मग उरलेली वर्षं करार चालू राहतो आणि घरपट्टी हळूहळू नेहमीच्या पातळीला चढते. मात्र तुम्ही शब्द मोडलात म्हणून शहराने करार रद्द केला, तर दंड घराच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या १२.५ टक्के. तुमच्या घराला दीड लाख डॉलर. असा दंड बसलेलं कुटुंब माझ्या ओळखीत नाही, पण कलम शोभेला ठेवलेलं नाही.

तुमचं घर पात्र आहे का? कायद्याला घर कोणत्या तरी अधिकृत यादीत हवं: राष्ट्रीय, राज्याची किंवा शहराची. डिस्ट्रिक्टमध्ये असणं एवढं सहसा पुरत नाही, यादीत घरासमोर ‘काँट्रिब्यूटिंग’ असं लिहिलेलं हवं. म्हणजे त्या भागाचं जुनं रूप ज्या घरांमुळे टिकलंय त्यांतलं ते एक. पॅसाडेनातला पहिला लँडमार्क डिस्ट्रिक्ट म्हणजे १९८९ सालचा बंगलो हेवन, सुमारे ८०० घरांचा. त्यातही मधूनमधून नंतरची किंवा पार बदलून टाकलेली घरं आहेतच. प्लॅनिंग खात्यात पत्ता सांगितलात की पाच मिनिटांत उत्तर मिळेल. त्याच वेळी विचारून घ्या की घराच्या किमतीला मर्यादा आहे का, वर्षाला किती करार करतात आणि अर्ज कधीपर्यंत. हे नियम शहरागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून माझ्या किंवा शेजाऱ्यांच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. करार ३१ डिसेंबरच्या आत काउंटीत नोंदला गेला, तरच पुढच्या १ जुलैपासूनच्या बिलात फरक दिसतो. बँक हप्त्यातूनच घरपट्टी कापून घेत असेल, तर नवं बिल आलं की तिला स्वतः पाठवा. नाहीतर ती वर्षभर जुन्याच हिशेबाने पैसे गोळा करत बसेल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कामांचा आराखडा. अर्जासोबत दहा वर्षांत कोणत्या वर्षी काय करणार याची यादी द्यावी लागते. लोक इथे हमखास दोन चुका करतात. पहिली, स्वयंपाकघर आणि बाथरूम यादीत घालतात. तुमच्या ग्रॅनाइटच्या ओट्यात शहराला रस नाही. तो बसवायला सहसा कोणी अडवत नाही, पण तो राखण्याच्या कामात धरलाही जात नाही. दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका घराचा आराखडा मी इतका उत्साहाने लिहिला, की पहिल्या तीन वर्षांत छप्पर, पाया, चिमणी, रंग, सगळंच घातलं. चौथ्या वर्षी त्या कुटुंबात एकाची नोकरी गेली. पाचव्या वर्षी तपासणी येते, ती कायद्यानेच दर पाच वर्षांनी होते. निम्मी कामं झालेली नव्हती. शहराने समजून घेतलं, वेळापत्रक बदलून दिलं, पण त्या बैठकीत मान खाली घालून बसलो होतो ते मी. तेव्हापासून दरवर्षी वाचणाऱ्या रकमेच्या आसपासचंच एक काम त्या त्या वर्षात घालतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून क्रम असा लावीन. सगळ्यात आधी पाणी. पुढच्या वळचणीखाली जे वासे बाहेर आलेले आहेत, त्यांतल्या डावीकडच्या तिघांची टोकं कुजलेली दिसतात. टोकं कापून टाकू नका, आखूड वासे लगेच नजरेत भरतात. कुजका भाग तासून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडतात. आपल्याकडचा सुतार तुळईला करतो तेच. मग भूकंप. १९१३ चं घर पायाला बोल्टने जखडलेलं असण्याची शक्यता कमीच. नुसतं वजनावर बसलेलं असतं आणि जोराचा हादरा आला की पायावरून सरकतं. हे काम बाहेरून दिसत नाही, जुन्या रूपाला धक्का लागत नाही आणि राज्याच्या ‘ब्रेस अँड बोल्ट’ योजनेत तुमचा झिपकोड बसत असेल तर ३,००० डॉलरपर्यंत अनुदानही मिळतं. तिसरी चिमणी. नदीतल्या गोट्यांची ती चिमणी फारच देखणी आहे, आरोयो सेकोच्या पात्रातले गोटे वापरायची तेव्हा इथे पद्धतच होती. पण आत सळई नसते. उतरवून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि त्याला कॅलिफोर्नियाची ऐतिहासिक इमारतींसाठी वेगळी बांधकाम संहिता आहे हे माहीत आहे ना, ते विचारा. यादीतल्या घराला ती वापरता येते. नव्या घराचे नियम जुन्या घरावर जसेच्या तसे लादायची गरज तिच्यामुळे उरत नाही. जुना रंग खरवडताना मात्र शिसं गृहीतच धरा, लहान मुलं घरात असतील तर जास्तच.

या सगळ्या कामांना मोजपट्टी एकच, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अंतर्गत खात्याची (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर) दहा मानकं. त्यांचा गाभा आपल्या आजीला पाठ होता: मोडलंय ते आधी दुरुस्त करा, दुरुस्त होतच नसेल तर बदला, आणि बदलताना जुन्यासारखंच करा.

आणि म्हणून खिडक्या. तुमच्या पुढच्या खिडक्यांत वरच्या झडपेला छोटे चौकोन आणि खाली अखंड काच आहे. क्राफ्ट्समन बंगल्याची ती ओळख आहे. तिच्याजागी पांढऱ्या विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, खिडक्या आल्या, तर घर ‘काँट्रिब्यूटिंग’ राहील की नाही हाच प्रश्न. शिवाय लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये बाहेरून दिसणाऱ्या अशा बदलाला शहराची आधी परवानगी लागते, ती तुमच्या कंत्राटदाराने मागितलेली दिसत नाही. दुसऱ्या एका शहरातलं कुटुंब माझ्याकडे असंच आलं होतं, पण खिडक्या बदलून झाल्यावर. शहराने अर्ज घेतला, पण आराखड्याच्या पहिल्याच वर्षात ‘मूळ नमुन्याच्या लाकडी खिडक्या परत बसवणे’ हे घातलं. एकाच खिडकीचे दोनदा पैसे. मूळ खिडक्या तोवर कचऱ्यात गेलेल्या.

तुमच्या खिडक्या उघडत नाहीत याचं कारण लाकूड नाही. चौकटीच्या पोकळीत ओतीव लोखंडाची वजनं दोरीला लटकलेली असतात. ती दोरी शंभर वर्षांत तुटते किंवा कोणीतरी रंगाने झडप चिकटवून टाकलेली असते. दोरी नवी, काचेभोवतीची लांबी (पुट्टी) नवी, कडेने वारा अडवणारी पट्टी, एवढ्यावर बहुतेक खिडक्या बोटाने वर जायला लागतात. लाकूड डग्लस फरचं, सावकाश वाढलेल्या जुन्या झाडाचं, कड्या इतक्या दाट की आज वखारीत तसं मिळत नाही. विनाइलच्या दुहेरी काचेचं सील गेलं की आत धुकं धरतं आणि मग ती खिडकी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. खिडक्यांची दुरुस्ती आराखड्यात बसते. बदलणं बसत नाही.

दुसऱ्या राज्यांत राहणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी धावता उल्लेख. तिथे तत्त्वच वेगळं आहे: तुम्ही घर दुरुस्त केलंत म्हणून वाढलेली किंमत काही वर्षं करातून दूर ठेवतात. इलिनॉयमध्ये घरमालकाने असेसरच्या किमतीच्या निदान २५ टक्के खर्च केला तर आकारणी आठ वर्षं गोठते आणि पुढची चार वर्षं पायरीपायरीने वर येते. वॉशिंग्टन राज्यात इमारतीच्या किमतीच्या २५ टक्के खर्च २४ महिन्यांत केला, तर तो खर्च दहा वर्षं करपात्र किमतीतून वजा होतो. जॉर्जियातही आठ वर्षं गोठवण्याची सोय आहे. तिन्हीकडे काम सुरू करण्याआधी राज्याच्या किंवा शहराच्या संवर्धन कार्यालयाशी बोला. केंद्र सरकारची २० टक्के करसवलत आहे, तिच्याबद्दलही मला सारखं विचारतात. ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे, स्वतः राहत असलेल्या घराला नाही.

राहिला पुण्याचा वाडा. थेट उत्तर: असा करार तिथे नाही. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते, मध्यंतरी बंद पडून ती परत सुरू झाली. पण ती वाड्याला आणि कालच्या टॉवरमधल्या फ्लॅटला सारखीच. माळवद राखलंत काय आणि पाडलंत काय, तिला देणंघेणं नाही. मुंबईत १९९५ च्या हेरिटेज नियमावलीने टीडीआरची, म्हणजे बांधकामाचा हक्क हस्तांतरित करण्याची, वाट काढली. इमारत राखल्यामुळे जो एफएसआय (जागेवर किती बांधता येतं तो हक्क) वापरता येत नाही, तो दुसरीकडे विकायचा. घरपट्टीशी त्याचा संबंध नाही आणि गल्लीतल्या वाड्याच्या मालकापर्यंत ते सहसा पोचतही नाही. आमचा स्वतःचा वाडा गेला तो घरपट्टीमुळे नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला थिजवली, खालच्या चार बिऱ्हाडांचं मिळून येणारं भाडं गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीलाही पुरत नव्हतं, आणि वर सात वाटेकरी. तुमच्या वाड्यात भाडेकरू किती आणि सातबाऱ्यासारखी लांबलचक नावं प्रॉपर्टी कार्डावर किती, हे आधी कळवा. कराची गोष्ट त्यानंतरची.

गंमत म्हणजे ‘बंगला’ हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला, तिथून कॅलिफोर्नियात आला आणि इथे त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं.

आता फोन. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या करारात कंत्राटदाराला आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. घरी बसून सही केली असेल तर कामाचे तीन दिवस करार बिनशर्त रद्दही करता येतो. ते दिवस उलटले असतील, तर रद्द करण्याच्या अटी करारात काय लिहिल्यात ते वाचा. जादा आगाऊ घेतली असेल, तर परवाना मंडळाचं नाव काढलंत की त्याचा सूर बदलेल. काढलेली एखादी झडप गॅरेजमध्ये ठेवली असेल तर ती तशीच ठेवा, वजनांसकट, आणि मागच्या पडवीचे फोटो पाठवा. ते तुमच्या यादीत आले नाहीत.